पेटी नवी, पडदा जुना

रसायनीजवळच्या मोहोपाड्यातले एक घर कल्पून पाहा. कारखान्यातून निवृत्त झालेले आजोबा, आजी आणि भिंतीवर बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला ३२ इंची टीव्ही. दिवाळीच्या सुट्टीत नातू आला आणि नव्या एचडी सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये शिरला. तिथे ‘७२०पी’ लिहिले होते, त्याने ‘१०८०पी’ निवडले. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगले, एवढाच त्याचा हिशेब. क्षणात पडदा काळा झाला, आवाजही गेला. मधोमध एक इंग्रजी ओळ उमटली. हे चित्र दाखवता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. रिमोटची सगळी बटणे दाबून झाली, बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी आजोबा म्हणाले, ‘‘जाऊ दे रे बाळा, टीव्हीचं आयुष्य संपलं.’’

टीव्हीचे आयुष्य संपलेले नसते. बॉक्स जे चित्र पाठवतो आहे ते त्याला घेता येत नाही, इतकेच. पण एवढ्याशा कारणावरून चालता टीव्ही भंगारात जाऊ शकतो. कधी याच्या उलटही घडते. चित्र अंधुक दिसते म्हणून नवा टीव्ही येतो आणि तरीही ते अंधुकच राहते, कारण दोष पडद्यात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो. खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ओळखता आले पाहिजे. त्यासाठी चित्राचा प्रवास समजून घ्यावा लागतो.

ठिपक्यांचा हिशेब

टीव्हीवरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे किती आणि उभे किती ठिपके, यालाच रिझोल्यूशन म्हणतात. भारतातल्या साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे पूर्ण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते, एकूण सुमारे ४ लाख १५ हजार. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. एका फुल एचडी चित्रात एसडीची बरोबर पाच चित्रे मावतात. फोर-के चित्र फुल एचडीच्याही चौपट असते.

५७६ हा विचित्र वाटणारा आकडा जुन्या दूरदर्शनच्या काळातून आलेला आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्याकडे स्वीकारलेल्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा होत्या आणि त्यांतल्या ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे. त्या काळी छपरावर माशाच्या काट्यासारखी अँटेना असे आणि वारा सुटला की घरातले कोणीतरी ती फिरवायला वर चढत असे. ॲनालॉग संदेश क्षीण झाला की चित्रात मुंग्या येत, पण चित्र दिसत राही.

केबल कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीनंतर डिजिटल प्रक्षेपण आणि त्यासोबत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी संपली. त्यानंतर मोठी शहरे, मग छोटी शहरे आणि शेवटी गावे असे टप्पे ठरले. अखेरच्या टप्प्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. रसायनीसारख्या कारखान्यांच्या गावात हा बदल मुंबईच्या मागून आला. ‘हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स’ ही १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी इथे आली, तिच्यासोबत इतर रासायनिक कारखाने आले आणि कामगारांच्या वसाहती वाढल्या. अशा वसाहतींतून बाहेर पडलेल्या अनेक घरांत टीव्ही एका काळातला असतो आणि बॉक्स दुसऱ्या काळातला.

बॉक्स टीव्हीला काय विचारतो?

एचडी बॉक्स आणि टीव्ही यांना जोडणाऱ्या चपट्या तोंडाच्या केबलला एचडीएमआय म्हणतात. तिच्या १९ पिनांपैकी दोन पिना चित्रासाठी नसून दोन यंत्रांच्या ओळखीसाठी असतात. प्रत्येक टीव्हीत एक लहानशी स्मृती-चिप असते. ‘मी अमुक कंपनीचा, माझ्या पडद्यावर इतके ठिपके, मी अमुक प्रकारची चित्रे घेऊ शकतो’ अशी माहिती तिच्यात नोंदलेली असते. केबल जोडली की बॉक्स ती वाचतो. बॉक्सचे सेटिंग ‘ऑटो’वर असेल, तर टीव्हीला झेपेल तेच चित्र तो पाठवतो. वाहिनीचे चित्र मोठे असेल, तर शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून ते लहान करतो.

मग नातवाच्या हातून चित्र का गेले? सेटिंगमध्ये माणसाने एखादा आकडा ठरवून दिला की अनेक बॉक्स टीव्हीची नोंद बाजूला ठेवतात आणि दिलेली आज्ञा पाळतात. शिवाय आकड्यामागचे अक्षरही महत्त्वाचे असते. ‘१०८०आय’मध्ये एका वेळी एकाआड एक अशा निम्म्याच रेषा पाठवल्या जातात. ‘१०८०पी’मध्ये प्रत्येक वेळी सगळ्या रेषा येतात, त्यामुळे माहिती दुप्पट होते. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या काही टीव्हींना पहिला प्रकार घेता येतो, दुसरा नाही. अशा बहुतेक टीव्हींच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात. टीव्ही आहे तसाच चांगला असतो, फक्त त्याला न कळणाऱ्या भाषेत त्याच्याशी बोलणे सुरू असते.

काळ्या पडद्यातून बाहेर कसे यावे?

खरी अडचण ही, की सेटिंग बदलायला मेनू दिसायला हवा आणि पडदा तर काळा आहे. त्यातून सुटण्याचे मार्ग क्रमाने करून पाहावेत.

पहिला, थोडे थांबणे. काही बॉक्स नवे सेटिंग लावल्यावर ‘हे ठेवायचे का?’ असे विचारतात आणि उत्तर मिळाले नाही, तर काही सेकंदांनी जुन्या सेटिंगवर परत येतात.

दुसरा, दोन्ही यंत्रे मुख्य बटणापासून बंद करावीत, केबल काढून घट्ट बसवावी, आधी टीव्ही चालू करून योग्य एचडीएमआय इनपुट निवडावे आणि मग बॉक्स चालू करावा. बॉक्स सुरू होताना टीव्हीची नोंद वाचतो. तेव्हा टीव्ही जागा असलेला बरा.

तिसरा, रिमोट नीट पाहावा. काही बॉक्सच्या रिमोटवर रिझोल्यूशन बदलण्याचे वेगळे बटण असते. ते एकदा दाबून चार-पाच सेकंद थांबावे, मग पुन्हा दाबावे. भराभर दाबले तर योग्य आकडा येऊन निघूनही जातो.

चौथा आणि बहुतेक वेळा कामी येणारा मार्ग पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांच्या जुन्या वायरचा. बॉक्सच्या मागे तशी जागा असेल, तर ती वायर टीव्हीच्या ‘एव्ही’ इनपुटला लावावी. अनेक बॉक्स या वाटेने साधे चित्र पाठवत असतात, एचडीएमआयचे सेटिंग काहीही असले तरी. मेनू दिसला की आकडा ‘ऑटो’ किंवा ‘७२०पी’ करावा आणि पुन्हा एचडीएमआयवर यावे.

पाचवा मार्ग शेजारधर्माचा. बॉक्स उचलून शेजाऱ्यांच्या फुल एचडी टीव्हीला लावावा, तिथे आकडा कमी करून ठेवावा आणि घरी आणावा. वाहिनी दिसली नाही तरी चालते, कारण सेटिंगचा मेनू बॉक्समध्येच असतो.

कुठला आकडा ठेवावा, याचा एक ढोबळ नियम आहे. चित्राचे आकारमान जितक्या कमी वेळा बदलेल तितके बरे. १३६६ बाय ७६८ चा टीव्ही १०८०आय घेत असेल, तर एचडी वाहिनीसाठी तेच ठेवून पाहावे. ७२० ठेवले, तर बॉक्स चित्र आधी लहान करतो आणि टीव्ही ते पुन्हा थोडे मोठे करतो. दोनदा झालेल्या या कामात अक्षरांच्या कडा मऊ पडतात. तरी अंतिम निकाल पडद्यावरच्या बातम्यांच्या पट्टीने द्यावा. दोन्ही सेटिंग लावून पाहावीत आणि जिच्यात अक्षरे ठळक दिसतील ती ठेवावी.

लांबट चेहरे, कापलेली पट्टी

चित्र आले, पण माणसे उंच-किडकिडीत किंवा ठेंगणी-जाड दिसत असतील, तर तो रिझोल्यूशनचा नाही, आकाराचा घोटाळा असतो. जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ प्रमाणाचा, नव्याचा १६:९. रुंद चित्र जुन्या पडद्यात कोंबले की चेहरे लांबट होतात. जुने चित्र रुंद पडद्यावर ताणले की त्याची रुंदी एक तृतीयांशाने वाढते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा खरा आकार सांगितला की हे थांबते. जुन्या पडद्यावर मग वर-खाली काळे पट्टे दिसतील. ते पाहून अनेकांना चित्र वाया गेल्यासारखे वाटते, पण उरलेल्या ४३२ रेषांतले चित्र योग्य आकाराचे असते.

बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसत असेल, तर त्याचे मूळही जुन्या काळात आहे. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून त्या चौकटीआड लपवत असत. सपाट पडद्यांना त्याची गरज नाही, तरी काही टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा कापतात. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या मेनूत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय असतो. तो निवडला की पट्टी पूर्ण दिसते.

पिवळ्या पिनेतून येणाऱ्या चित्राचीही एक खोड आहे. तिच्यात उजेड आणि रंग एकाच तारेतून मिसळून येतात आणि टीव्हीला ते वेगळे करावे लागतात. बारीक रेघांचा शर्ट किंवा बारीक चौकडीची साडी दिसली की त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग थरथरतात ते यामुळेच. टीव्हीला एचडीएमआयची जागा असेल, तर पिवळ्या वायरवर समाधान मानू नये.

पावसाळ्यातली तक्रार मात्र वेगळी. रायगडच्या मुसळधार सरीत चित्र गोठते, चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो. छत्रीवर येणाऱ्या उपग्रहाच्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि दाट पाऊस त्या शोषून घेतो, विखुरतो. डिजिटल चित्र जुन्यासारखे हळूहळू बिघडत नाही. पुरेशी माहिती आली तर ते स्वच्छ दिसते, नाही आली तर तुटते. म्हणून खूण साधी आहे. तुकडे पडणे हा संदेशाचा दोष. सतत, सर्व वाहिन्यांवर, पाऊस असो वा नसो, चित्र मऊ-अंधुक दिसणे हा सेटिंगचा, वायरीचा किंवा डोळ्याचा दोष. एकाच वाहिनीवर तसे दिसत असेल, तर ती वाहिनीच एसडी असण्याची शक्यता मोठी. एचडी बॉक्स एसडी चित्र ताणून मोठे करतो, त्यात नसलेला तपशील आणू शकत नाही.

डोळ्याचेही रिझोल्यूशन

कमी ठिपक्यांच्या टीव्हीवर आपण किती गमावतो? हे अंतरावर अवलंबून आहे. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली दृष्टी मोजण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला. डॉक्टरांकडे आजही तो किंवा त्याचे सुधारित रूप असते. त्याचा आधार असा, की निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ‘६/६’ ही दृष्टी म्हणजे हीच मर्यादा.

हे माप टीव्हीला लावून पाहू. ३२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटीमीटर असते. त्यावर १३६६ ठिपके असतील, तर प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो. सुमारे सहा फुटांच्या पलीकडून ६/६ दृष्टीच्या माणसाला असे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. फुल एचडीसाठी हे अंतर चार फुटांच्या थोडे पुढे आहे. आपल्याकडच्या खोलीत माणूस टीव्हीपासून सात-आठ फुटांवर बसतो. म्हणजे आजोबांच्या खुर्चीतून ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ यांत फरक दिसण्याजोगा नाही. एसडी वाहिनीचे ठिपके मात्र याच पडद्यावर जवळपास अकरा फुटांपर्यंत वेगळे कळू शकतात, म्हणून एसडी आणि एचडी यांतला फरक खुर्चीतून जाणवतो. २१ इंची जुन्या टीव्हीवर पडदाच लहान असल्याने एसडीसुद्धा सात फुटांवरून पुरेसे स्वच्छ वाटते.

हा सगळा हिशेब निरोगी डोळ्याचा आहे. चित्राच्या या साखळीत वाहिनी, बॉक्स, वायर आणि पडदा यांच्यानंतर शेवटची कडी डोळ्याची. ती कमकुवत असेल, तर आधीच्या कड्यांवर केलेला खर्च दिसतच नाही.

कॅलेंडरची परीक्षा

दोष पडद्यात की डोळ्यात, हे घरच्या घरी ताडून पाहता येते. टीव्हीच्या शेजारी, त्याच भिंतीवर, नेहमीचे कॅलेंडर लावावे. दिवसाउजेडी आपल्या रोजच्या खुर्चीत बसावे. लांबचे पाहण्याचा चष्मा असेल तर तो लावावा. मग एक डोळा तळव्याने, दाब न देता झाकावा आणि उघड्या डोळ्याने तारखा वाचाव्यात. नंतर दुसरा डोळा.

कॅलेंडर दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते, पण टीव्ही अंधुक, तर सेटिंग आणि वायर तपासावी. कॅलेंडरही अंधुक दिसते, तर टीव्हीच्या दुकानात जाण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. सेंटीमीटरभर उंचीची अक्षरे आठ फुटांवरून एखाद्या डोळ्याने वाचता येत नसतील, तर तपासणी लांबवू नये. डोळे एकेक करून झाकायचे ते अशासाठी, की एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचा दोष माणसाला वर्षानुवर्षे कळत नाही.

कधी कारण अगदी साधे निघते. चाळिशीचा चष्मा जवळचे वाचण्यासाठी असतो. तो लावून टीव्ही पाहिला की चित्र अंधुकच दिसणार. मधुमेहात रक्तातली साखर खूप वर-खाली झाली की नजरेचा नंबरही तात्पुरता बदलतो. लहान मूल पुन्हा पुन्हा टीव्हीजवळ जाऊन बसत असेल, तर ओरडण्याआधी त्याचे डोळे तपासावेत. त्याला लांबचे दिसत नसेल. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात आणि मधूनमधून धूसर दिसते. काही वेळा पापण्या मिटून घेतल्या आणि चित्र स्वच्छ झाले, तर कारण हे असू शकते.

साठीनंतर सर्वांत आधी मोतीबिंदूचा विचार करावा लागतो. डोळ्यातले भिंग हळूहळू गढूळ होते. रंग पिवळट, फिके वाटतात, दिव्याभोवती वलय दिसते, समोरच्या उजेडाने डोळे दिपतात. दुखत काहीच नाही, त्यामुळे माणूस टीव्हीची चमक वाढवत राहतो. भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की बहुतेकांची नजर परत येते. मात्र नजर अचानक गेली, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटले किंवा विजेसारखे चमकू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ही लक्षणे मोतीबिंदूची नाहीत.

इतके सगळे पाहूनही टीव्ही बदलायचाच ठरला, तर जुना कुठे जातो याकडे लक्ष द्यावे. काचेच्या नळीच्या टीव्हीत मागच्या काचेत शिसे असते. सपाट पडद्यांच्या पहिल्या पिढीतल्या दिव्यांत थोडा पारा असे. पाताळगंगेच्या काठच्या माणसांना रसायन जमिनीत आणि पाण्यात मुरले की काय होते, ते वेगळे सांगायला नको. नळीचा टीव्ही घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक दाबाची वीज साठून राहू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीचा समावेश आहे, त्यामुळे तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.

मोहोपाड्याच्या त्या घरात नातवाने डीव्हीडी प्लेअरची पडून असलेली तीन रंगांची वायर शोधली, मेनू पडद्यावर आणला आणि आकडा पुन्हा ‘७२०पी’ केला. चित्र आले. आजी म्हणाली, ‘‘पहिल्यासारखं झालं बघा.’’ आजोबा डोळे बारीक करून बघत राहिले, ‘‘मला तर अजून धुरकटच दिसतंय.’’ नातवाने कॅलेंडर टीव्हीशेजारच्या खिळ्याला अडकवले आणि आजोबांचा डावा डोळा आपल्या हाताने अलगद झाकला. ‘‘आता सांगा, आज किती तारीख?’’ उजव्या डोळ्याने आजोबांना भिंतीवर नुसताच पांढरा चौकोन दिसत होता. टीव्हीसाठी बाजूला काढलेले पैसे आजीने कपाटात परत ठेवले आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे ठरले.